घेराचं कार्ड

निपाणी, ९ ऑक्टोबर १९८३

परवा पुण्याहून आलो. सबंध वाट कार्डांचा डबा मांडीवर होता. कऱ्हाडला शेजारच्या बाईंनी विचारलं, पेढं हैत काय? म्हटलं, व्हय, पण खायला दात पाहिजेत. बाई पुढं कोल्हापूर येईपर्यंत बोलल्या नाहीत.

ही वही पुन्हा काढली, कारण आता दिवस मोजके उरलेत. पीएच.डी.ची पाच वर्षं गेल्या मार्चला संपली. हातापाया पडून एक वर्ष वाढवून घेतलं, ते येत्या ३१ मार्चला संपतं. पुन्हा वाढ नाही. सरांनी पुण्यात स्वच्छ सांगितलं, 'धनपाल, त्यानंतर मी काही करू शकणार नाही.' सर वाईट नाहीत. फक्त त्यांच्याकडे माझ्यासारखे चार आहेत आणि बाकीचे तिघे पुण्यात राहतात.

डब्यात चारशे बारा कार्डं आहेत. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ, भोकं पाडून लिहिलेली. चारशे तारे घ्यायचे, ताटासारखी सपाट चकती करून यंत्रात फिरवायचे आणि काय होतं ते बघायचं. नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांची चकती टिकत नाही. दोन फेऱ्यांत ती लांबट होते, मुसळासारखी. मे महिन्यात मी करून बघितलं, मुसळ झालं. आभाळात मात्र कितीतरी दीर्घिका गोल गरगरीत फिरतायत. मग त्यांना धरून कोण ठेवतं? भोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचा एक मोठा घेर असला तर चकती टिकते, हे बाहेरच्या लोकांनी दहा वर्षांपूर्वीच दाखवलंय. माझ्या प्रोग्रॅमनं आधी तेवढं करून दाखवलं पाहिजे. ती नुसती चाचणी परीक्षा. माझा स्वतःचा प्रश्न त्याच्या पुढं आहे: हा घेर मुळात जमला कसा, आणि तारे त्यात येऊन पडले की तारे आधीचे? सहा वर्षं हा प्रश्न घेऊन बसलोय आणि अजून चाचणीच द्यायचीय.

घेराचं गणित वेगळ्या एकोणीस कार्डांत आहे. मी त्या गठ्ठ्याचं नावच 'घेर' ठेवलंय. मुख्य प्रोग्रॅम दर पावलाला त्याला हाक मारतो. त्या हाकेचं एकच कार्ड, 'कॉल घेर', इंग्रजीत आठ अक्षरं, सोळा भोकं. बाकी कार्ड कोरं.

सरांनी बजावलंय, कार्डांच्या पाठीवर पेन्सिलनं क्रमांक घाला. दसरा झाला की घालीन.

१५ ऑक्टोबर, खंडेनवमी

आईची सकाळपासून गडबड. आमच्या घरची रीत जरा वेगळी आहे. सगळी हत्यारं पूजेला मांडत नाहीत. प्रत्येक प्रकारातलं एक घ्यायचं, हळदकुंकू लावून देवापाशी ठेवायचं, आणि ते एक पुढल्या दसऱ्यापर्यंत कामाला काढायचं नाही. वडील, आप्पा, होते तेव्हा गावी सदलग्याला एक विळा, एक दोर, तंबाखूची एक चाळण वर्षभर अशी बसून खायची. आप्पा म्हणायचे, ते एक देवाची चाकरी करतंय म्हणून बाकीची धड चालत्यात. आता शेत धाकट्या भावाकडं. इथं निपाणीत आईला मांडायला मिळतं काय, तर माझ्या बायकोच्या, ब्राह्मीच्या शिवणमशीनची एक कात्री आणि स्वयंपाकघरातली विळी. गेल्या वर्षी माझा एक पेन नेला होता.

मी कॉलेजातल्या मुलांचे सहामाहीचे पेपर तपासत होतो. आई खोलीत आली.

'धनू, तुझ्या कामातलं काय ठेवू रं औंदा?'

'घे काय पाहिजे ते.'

पाठीमागं झाकण वाजलं. बराच वेळ काहीतरी चाळल्याचा आवाज येत होता. 'हे चालंल न्हवं?' म्हणाली. चालंल म्हटलं. एका विद्यार्थ्यानं न्यूटनचे पाच नियम लिहिले होते, त्यातल्या चौथ्याला गुण द्यावेत की काय या विचारात होतो.

१९ ऑक्टोबर

कलगोंडाला डबा दिला. कलगोंडा माझा मामेभाऊ. व्यापाऱ्यांच्या तंबाखूचे नमुने घेऊन दर पंधरवड्याला पुण्याला जातो, येताना माझं काम घेऊन येईल. 'ह्यात नक्की काय हाय म्हणायचं?' असं त्यानं विचारलं. चांदण्या आहेत म्हटलं. 'वजनाला बऱ्या हैत,' म्हणाला.

कार्डं आता पुण्यातच, विद्यापीठाच्या कॉम्प्युटरपाशी राहणार. दर खेपेला घेराच्या वस्तुमानाचा आकडा तेवढा बदलायचा, ते कार्ड तिथला ऑपरेटर पाडून घेईल. आधी ताऱ्यांइतकं, मग दुप्पट, मग तिप्पट. कागदाच्या टंचाईमुळं प्रोग्रॅमची यादी छापत नाहीत, फक्त उत्तरं देतात. मला उत्तरंच पाहिजेत.

क्रमांक घालायचे राहिले. पेपर संपले नाहीत.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पहिलं उत्तर आलं. चारशे ताऱ्यांचे आकडे, अकरा पानं. ते आलेखाच्या कागदावर ठिपके करून उतरवल्याशिवाय काही दिसत नाही. मला आठवड्याला बावीस तास आहेत. ब्राह्मी म्हणाली, मला दाखवा, मी काढते. ती सातवी शिकलेली, पण कापड बेतताना अर्धं सूत चुकत नाही. शिकवलं. आडवा आकडा, उभा आकडा, ठिपका.

१२ नोव्हेंबर

ब्राह्मीला चार दिवस लागले. मुसळ.

जेवलो नाही. आई म्हणाली, पोट बिघडलंय काय? व्हय म्हटलं. सोपं पडतं.

घेर ताऱ्यांइतका कमी पडत असेल. दुप्पट करून बघू.

३० नोव्हेंबर

दुसरं उत्तर. घेर दुप्पट. मुसळ.

ब्राह्मीचा हात आता चांगलाच बसलाय. मागल्या खेपेला चार दिवस घेतले, यावेळी एका दुपारी कागद हातात. कागद देताना म्हणाली, 'अहो, आकडे बघितलासा का तुम्ही?'

'आकडे बघायला मशीन आहे. तू ठिपके काढ.'

'तसं न्हवं. मला वाटतंय की—'

'ब्राह्मी, तुला यातलं काय कळतंय? मला सहा वर्षं झाली, अजून कळेना.'

तिचं तोंड उतरलेलं दिसलं, पण माझं कुठं चढलं होतं? संध्याकाळी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. ठिपक्यावर ठिपका. तिच्या हाताची सफाई बघून थक्क झालो. पण त्यातून निघतं काय, तर घेर दुप्पट केला तरी चारशेतला एक तारा जागचा हलत नाही. म्हणजे घेर असला काय, नसला काय, ताऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

हे खरं असेल तर दहा वर्षं जग चुकलंय. आणि जग चुकलं नसेल तर मी गाढव आहे. निपाणीत बसून या दोहोंतलं कुठलं शक्य आहे ते कळायला पीएच.डी. लागत नाही.

१६ डिसेंबर

सरांचं पोस्टकार्ड आलं. अडीच ओळी. 'असं होऊच शकत नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे. शोधा.'

प्रोग्रॅमची हातानं लिहिलेली प्रत माझ्याकडं आहे, त्यावरूनच कार्डं पाडली. आठवडाभर ओळ न् ओळ बघतोय. पहिल्या पानावरून शेवटच्या, शेवटच्यावरून पहिल्या. कुठं काही नाही. घेराचं गणित चार वेगवेगळ्या तऱ्हांनी करून बघितलं, चारीही वेळा तेच आलं. चूक सापडत नाही याचं दुःख चूक सापडल्याच्या दुःखापेक्षा मोठं असतं, हे कुणी मला आधी सांगायला पाहिजे होतं.

४ जानेवारी १९८४

तिसरं उत्तर. घेर तिप्पट. येरे माझ्या मागल्या.

ब्राह्मीनं तासाभरात कागद आणून ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली. तिला पण कंटाळा आला असणार.

आई हल्ली माझ्याकडं नुसती बघत बसते. आज पाठीवर हात ठेवून म्हणाली, 'कशाला जीव जाळून घेतोस? तुझं देवापाशी ठेवलंय मी. हुतंय बघ.' तिच्या श्रद्धेचा मला हेवा वाटला आणि रागही आला. देवापाशी ठेवून भागत असतं तर मी अकरा तासांच्या एस.टी. कशाला केल्या असत्या?

२२ जानेवारी

माती खाल्ली.

बेळगावात विज्ञान शिक्षकांची सभा होती. आठवड्यापूर्वी बोलायला या म्हणून पत्र होतं. मी जाऊन सांगून आलो की माझ्या गणितात तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वजनांना, घेराचा काडीचा परिणाम दिसला नाही, तेव्हा हे न दिसणारं वस्तुमान मुळात आहे काय, याचा फेरविचार करावा. टाळ्या पडल्या. चाळीस माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात तेव्हा आपण शहाणे आहोत असं वाटतं, हा त्यातला मोठा धोका. सभेनंतर खडेबाजारातून ब्राह्मीला खण घेतला, आईला चष्म्याची दोरी. सहा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

घरी आलो आणि त्याच तोऱ्यात सरांना सात पानी पत्र लिहून टाकलं. आज टाकलेलं पत्र पेटीतून परत काढता येत नाही.

५ फेब्रुवारी

सरांचं उत्तर. यावेळी एकच ओळ. 'पूर्ण यादी छापून घेण्याची परवानगी दिली आहे. स्वतः येऊन बघा आणि मग जगाला शहाणपण शिकवा.'

१३ फेब्रुवारी, पुणे

यादी छापून घेतली. वाचायला बसलो. दोनशे सत्तावन्नाव्या ओळीनंतर जे पाहिजे होतं ते नव्हतं. पुन्हा वाचली. डबा मागवून कार्डं मोजली. चारशे अकरा.

'कॉल घेर' नाही.

बाकीची सगळी आहेत. घेराचं गणित आहे, त्याचं वस्तुमान आहे, दुप्पट आहे, तिप्पट आहे, सगळं बरोबर आहे. फक्त त्याला कुणी हाक मारत नाही. चार महिने घेर तिथं आपल्या जागी बसून होता आणि तारे त्याच्याविना फिरत होते. मे महिन्यातलं मुसळ तीन वेळा छापून आणलं मी. चारशे माणसांनी नाही, चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, तेवढंच काय ते नशीब.

ऑपरेटर देवाच्या शपथा घेऊन सांगतो, साहेब, आम्ही कार्ड काढत नाही. सरांनी यादीवरची ती जागा बघितली, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, 'क्रमांक घातले होते?'

नव्हते.

१५ फेब्रुवारी

काल आलो. आल्या आल्या टेबलाचे खण उपसले, पुस्तकं झाडली, गादीखाली बघितलं. मला कार्ड नको होतं, नवं एका मिनिटात पाडता येतं. ते गेलं कुठं एवढंच पाहिजे होतं.

आई दारात आली. 'काय हुडकालास रं?'

'एक कार्ड. त्या डब्यातलं. असलं, भोकाचं.'

'मग मला इचारायचं की.' आत गेली. देवाच्या फळीवरून कार्ड घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलेलं. वर कोपऱ्यात कुंकू, एक अक्षत चिकटलेली. 'हे न्हवं? दसऱ्याला तूच घे म्हणलास. मी जपून ठेवलोय, घडी सुदीक पडू दिली न्हाय.'

ती आपली सांगत होती. 'सगळी बघितलो मी. बाकीच्यावर लई भोकं हुती, म्हटलं ती कामाची असतील. ह्यो बिचारा जवळजवळ कोराच. ह्याच्याबिगर तुझं काय अडायचं न्हाय म्हणून ह्योच घेतलो.'

किती विचार करून घेतलं होतं तिनं. चारशे बारा कार्डं चाळून, माझ्या कामाला धक्का लागू नये म्हणून, सगळ्यांत कमी भोकांचं. माझ्या विद्यार्थ्यांत इतका विचार करून काही करणारा एक नाही.

'हेच,' म्हटलं. घेतलं आणि खिशात ठेवलं. ती हसली. मी पण हसल्यासारखं केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा देवापाशी होता म्हणून वळसा पुण्यापर्यंत पडला.

१६ फेब्रुवारी

ब्राह्मीला सांगितलं. आईला काही बोलू नकोस हेही सांगितलं. ती मशीनवर बसली होती. पाय थांबवला नाही.

'दुसऱ्या कागदालाच कळलं हुतं मला,' म्हणाली.

'काय?'

'आकडे तेच हैत म्हणून. पहिल्या चार ओळी काढल्या आणि वाटलं, हे तर काढलंय आपण. मग जुनं पान शेजारी ठेवून बघितलं. अकराच्या अकरा पानं तीच. मग खिडकीच्या काचेवर जुना कागद लावला आणि वरनं गिरवला.'

'आणि तिसरा?'

'तिसरा पण.'

'मग सांगायचं नाही?'

आता पाय थांबला. 'आलते की सांगायला.'

वही मागं उलटून बघितली. ३० नोव्हेंबर. माझ्याच अक्षरात आहे. तिनं काय विचारलं ते आहे, मी काय उत्तर दिलं ते आहे, वर तिच्या हाताच्या सफाईचं कौतुक आहे. माणूस रोजनिशी कशासाठी लिहितो? स्वतः वाचावी म्हणून लिहीत नाही हे नक्की.

'मग तिसरा कागद गिरवलास तरी कशाला?'

'तुम्ही काढ म्हणालासा म्हणून,' म्हणाली, आणि परत मशीन सुरू केली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

सरांनी एक शेवटची खेप दिलीय. मार्चच्या मध्याला, यंत्राची बारा मिनिटं. मला कुणी सांगायची गरज नाही की बारा मिनिटांत चाचणीच होते, माझा प्रश्न नाही. माझ्या प्रश्नाला असल्या वीस-पंचवीस खेपा लागल्या असत्या. ऑक्टोबरपासून नीट चाललं असतं तर सहा-सात तरी झाल्या असत्या. प्रबंध झाला नसता, पण बाहेरचा परीक्षक नियम वाकवून दोन वर्षं आणखी द्या म्हणाला असता. 'असता' मोजत दिवस जातायत.

कार्डांना क्रमांक घालून घेतले. सगळ्या चारशे बारांना. कलगोंडाच्या हातून पुण्याला क्रमांकांची यादी पाठवली, ऑपरेटरनं नवं कार्ड पाडून जागेवर घातलं आणि सगळ्यांच्या पाठीवर क्रमांक लिहिले. सर हसले असतील.

२२ मार्च

आलं.

ब्राह्मीनं पुन्हा चार दिवस घेतले. यावेळी तिला गिरवायला काही नव्हतं. काल संध्याकाळी, दिवस बुडायच्या आत आईचं जेवण चाललं होतं तेव्हा, तिनं कागद आणून माझ्यापुढं धरला. चकती. गोल. दोन फेऱ्यांनंतर, चार फेऱ्यांनंतर, गोल. जरा कडेला फिसकटलेली, पण ताट ते ताट. चारशे तारे, कुणी कुठं पळत नाही.

'आता बरोबर आलं न्हवं?' ब्राह्मी म्हणाली.

'आलं.'

'मग?'

काय सांगू तिला? जे दहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी केलं ते मी आज केलं. शाळेच्या दाराशी पोचलो आणि घंटा झाली. तिनं ठिपके काढताना जीव ओतला होता, सगळे एका मापाचे, एकसुद्धा डाग नाही. मी तिला एवढंच म्हटलं की छान काढलंस. तिनं कागद टेबलावर ठेवला. मग बराच वेळ उभी राहिली, मी आणखी काही म्हणेन म्हणून.

खरं तर मला रडायचं होतं. पण आई पलीकडं जेवत होती.

३१ मार्च

सरांचं पत्र कालच आलं. अभिनंदन केलंय, आणि पुढं लिहिलंय की यात नवीन काही नाही, हे तुम्हीही जाणताच. विद्यापीठानं नाव कमी केल्याचं यथावकाश कळवलं जाईल. त्यांच्याकडं नवा मुलगा आलाय, त्याला नव्या यंत्रावर जागा मिळालीय, तो तीस हजार ठिपक्यांनी घेर कसा जमतो ते बघणार आहे. माझ्या टिपणांचा त्याला उपयोग होईल, पाठवता का?

माझा प्रश्न माझ्याशिवाय चालणार. त्याला माझी गरज कधी नव्हतीच. टिपणं बांधून ठेवली. गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली, हे लिहायची लाज वाटते पण लिहितो.

कॉलेजात कुणाला काही सांगितलं नाही. बारावीची प्रात्यक्षिकं चालू आहेत. लोलक लोंबतोय, मुलं आंदोलनं मोजतायत, बहुतेक चुकीची.

११ एप्रिल

कलगोंडानं घोळ घातला. पुण्याहून डबा परत घेऊन आला आणि ओसरीवर आईशी गप्पा मारत बसला. 'आत्ती, ह्याचं एक कार्ड हरवलतं म्हणं, त्यानं सगळं वाटोळं झालं. एका कार्डानं सहा वर्षं गेली बघा.' त्याला पुण्यातल्या ऑपरेटरनं सांगितलं असणार. ते कार्ड कुठं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला का बोल लावू?

मी कॉलेजातून आलो तेव्हा आई ओसरीवर एकटी बसली होती. मी चपला काढत होतो तोवर थांबली. मग म्हणाली,

'धनू, त्या कार्डावर काय लिवलं हुतं रं?'

'कुठल्या?'

'मी घेतलेल्या.'

मी पाय धुतले. सावकाश पुसले. तेवढ्यात जे सुचलं ते म्हणालो. 'काही नाही, आई. कोरंच होतं जवळजवळ. तूच बघितलंस की.'

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी शाळा बुडवून आलो की असंच बघायची, आणि कधी मारायची नाही.

'मग एवढं काय हुडकालतास?' म्हणाली.

विद्यार्थ्यांना मी शिकवतो, उत्तर येत नसेल तर काहीतरी लिहा, कोरं सोडू नका.

१२ एप्रिल

सकाळी आईशी बोलायचं ठरवलं होतं. ती सदलग्याला गेली. भावाकडं चार दिवस राहून येते म्हणाली. नेहमी पिशवीत माझ्यासाठी काय आणू ते विचारते. विचारलं नाही.

२४ एप्रिल

आई परत आली. बरी आहे. बोलते, जेवते, जप करते. कार्डाचा विषय नाही. मीही काढला नाही. काढून काय सांगणार होतो? की तुझा दोष नाही, मी मान वर केली असती तर झालं असतं? हे खरं आहे. पण हे म्हटलं की कार्डानं घात केला हे कबूल केल्यासारखं होतं. मग ती पुढचं विचारणार. गप्प राहिलो तर ती आपल्या मनानं पुढचं जाणणार. कुठल्याही बाजूनं मुसळच.

कार्डांच्या पाठी, तो क्रमांक सोडला तर, कोऱ्या आहेत. ब्राह्मी त्यांवर गिऱ्हाइकांची मापं लिहून घेते. डबा कलगोंडाला दिला, नमुन्यांच्या पुड्या ठेवायला. टिपणं रजिस्टरनं पुण्याला गेली, पोचपावती आली.

७ मे

सुट्टी लागली. खोलीत बसून असतो. वाचत नाही, पण पुस्तक उघडं ठेवतो म्हणजे कुणी विचारत नाही.

आज एक गोष्ट ध्यानात आली. सदलग्याहून आल्यापासून आईनं माझ्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. केर ब्राह्मी काढते. धुतलेले कपडे ब्राह्मी आणून ठेवते. मला वाटत होतं सहज असेल.

दुपारी चहा घेऊन आई आली आणि उंबऱ्याशी थांबली. 'ब्राह्मी, एवढा कप दे गं त्याला.' ब्राह्मी न्हाणीत होती, ऐकू गेलं नाही. आई तशीच उभी, कप दोन्ही हातांनी धरून.

'तूच ये की आत,' म्हटलं.

'नको बाबा,' म्हणाली. 'माझा हात लागंल कशालातरी.'

टेबलावर ते उघडं पुस्तक होतं आणि शाईची दौत. आईचा हात लागून बिघडेल असं या खोलीत आता काही उरलेलं नाही. हे तिला सांगायला उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि नुसता कप घेतला.